चौथा तुकडा

आडबंदरातल्या मच्छीमारांना यंत्रांचं वावडं कधीच नव्हतं. वावडं होतं ते एकमेकांचं. जोरदार इंजिन आलं, पाण्याखालचा मासा दाखवणारा पडदा आला, उन्हावर भरणाऱ्या बॅटऱ्या आल्या. सगळं त्यांनी नारळ फोडून बोटीवर चढवलं. पण आपल्याला मासा कुठे लागला हे शेजारच्या बोटीला सांगणारं यंत्र? ते कोण घेणार? आणि चैतालीने नेमकं तसलंच यंत्र गावात आणलं, असं वामन तांडेलाचं ठाम मत होतं. तांडेल म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस; हा वामन पराडकर चैतालीचा सासरा, त्यामुळे हे मत तिला रोज जेवताना ऐकावं लागे.

खरी गोष्ट अशी होती की समुद्र वर्षागणिक तापत चालला होता आणि बांगडा किनारा सोडून लांब गेला होता. बोटींना त्याच्यामागे जावंच लागे. तिथे मोबाइल मुका. उपग्रहाचे फोन मिळत, पण ते परक्या कंपन्यांचे. आपली बोट कुठे उभी आहे हे कुठल्यातरी कंपनीच्या नकाशावर उमटणार, या कल्पनेनेच तांडेलांच्या अंगावर काटा येई. मग मच्छीमार सोसायटीने ठरवलं, आपलं खासगी जाळं आपणच उभारायचं. मासे पकडायचं जाळं त्यांना विणता येत होतं; हे दुसरं जाळं विणायला त्यांनी चैतालीला बोलावलं. ती कोल्हापूरला हेच शिकून, चार वर्षं नोकरी करून, हेमंत पराडकरशी लग्न करून गावी आली होती. बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर तिला एक खोली मिळाली.

तिने प्रत्येक बोटीवर एक पेटी बसवली. गाव त्या पेटीला ‘टपाल्या’ म्हणू लागलं, आणि नाव अगदी बरोबर होतं. जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसं बोलू लागली की मधली अख्खी तार त्यांच्यासाठी अडून राहायची. समुद्रात तार कुठली? म्हणून पेटी बोलणं ऐकून घेई आणि त्याचे तुकडे करी. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक. मग जी बोट टप्प्यात येईल तिच्या पेटीकडे एक तुकडा सोपवायचा, दुसरी आली की तिच्याकडे पुढचा. ती पेटी तो सांभाळून ठेवी आणि तिला दुसरी बोट भेटली की तिला देई. असे एकाच निरोपाचे तुकडे पाच वाटांनी, मागेपुढे होत बंदरावर पोचत आणि चैतालीच्या खोलीतली मोठी पेटी क्रमांक बघून ते जोडी. बहुतेक वेळा हे सगळं एवढ्या झटपट होई, की ऐकणाऱ्याला वाटे माणूस समोरूनच बोलतोय. बोटी विरळ असल्या तर निरोपाला तास लागत, कधी दिवस. पण तो पोचे.

नियम थोडेच होते. एक तुकडा एका वेळी एकाच पेटीत राहील. पेटी भरली तर सगळ्यात जुना तुकडा आधी टाकला जाईल. बंदरावरून निघालेला हुकूम कुठल्याही निरोपाच्या आधी जाईल आणि आधी पाळला जाईल, कारण वादळाच्या इशाऱ्याला रांगेत उभं करून चालत नाही. हा नियम चैतालीने स्वतः लिहिला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. शेवटचा नियम तांडेलांनी सभेत भांडून घातला. सगळे तुकडे कुलूपबंद हवेत, वाहून नेणाऱ्या पेटीलाही कळता कामा नये की निरोप कोणाचा, आणि एकदा टाकलेला तुकडा ब्रह्मदेवालाही परत काढता येऊ नये.

एवढं करूनही एक गोची राहिलीच. दुसरी पेटी टप्प्यात आली की पेटीवरचा हिरवा दिवा लागे. हिरवा दिवा म्हणजे जवळपास कोणीतरी आहे. आणि जवळपास कोणी थांबलंय म्हणजे त्याला मासा लागलाय, हे समजायला तांडेल काही दूधखुळे नव्हते. त्यावर वामन तांडेलानेच पहिला उपाय काढला. त्याने भाताचा ॲल्युमिनियमचा टोप पेटीवर उपडा घातला. धातूच्या भांड्यातून रेडिओच्या लहरी आत येत नाहीत की बाहेर जात नाहीत. हे विज्ञान वामनला कुणी शिकवलं नव्हतं, टोपाखाली घरातला रेडिओ बंद पडतो एवढं त्याने पाहिलं होतं. महिन्याभरात गावातल्या बायका टोप शोधू लागल्या. मासा लागला की टोप पडे, जाळं वर आलं की टोप निघे. वामनने मात्र आपल्या होडीवरचा टोप कधी काढलाच नाही.

“तुमी मध्येच झाकलात तर दुसऱ्याचे निरोप अडकतत, बाबा,” चैताली सांगे.

“अडकांदेत. माझ्या आज्याने जागा शोधल्यान ती काय दिव्यान् दाखवूक?”

ही जागा म्हणजे पाण्याखालचा एक खडक. देवळाचा कळस डोंगराच्या खिंडीत दिसला आणि दीपस्तंभ माडाच्या रेषेत आला की त्या खडकावर होडी असते, हे पराडकरांच्या घरात तीन पिढ्या फक्त थोरल्या मुलाला सांगितलं जाई. वामनने ते हेमंतला सांगितलं. आणि ज्या वर्षी कुणालाच मासा लागेना, लहान होडीवाले रिकाम्या हाताने परतू लागले, त्या वर्षी हेमंतने ती खूण टपाल्यावरून सगळ्या गावाला सांगून टाकली.

वामनने आरडाओरडा केला नाही. तो मुलाशी बोलायचाच बंद झाला. जेवायला मागच्या पडवीत बसू लागला. हेमंत हट्टाला पेटला नाही, पण माफीही मागेना. “चूक केलंयच नाय तर माफी कसली?” तो चैतालीला म्हणे. बापाच्या ताटात माशाची मधली तुकडी जाते की नाही हे मात्र तो दारातून रोज बघायचा. वामनलाही ते दिसायचं. दोघे एकाच खडकावर जात, वामन आपल्या होडीतून, हेमंत चार खलाशी घेऊन ‘जान्हवी’वरून, आणि एकमेकांकडे पाठ करून मासे धरत.

मार्गशीर्षात वादळ येत नाही, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं. समुद्राने ते ऐकलं नाही. इशारा निघेपर्यंत वारा अंगावर आलेला होता. कोणी गोव्याला पळालं, कोणी कारवारला, कोणी रत्नागिरीच्या खाडीत शिरलं, काही बोटी तर थेट गुजरातेत वेरावळकडे गेल्या. वामन ढग बघून आधीच फिरला होता, तो भिजून चिंब होऊन घरी आला. ‘जान्हवी’ जाळं ओढायला थांबली होती. ती आली नाही.

तटरक्षक दलाने शोधलं, गावाने शोधलं. दोन खलाशांची प्रेतं लाटांनी किनाऱ्याला लावली. बाकीच्यांचं काहीच नाही. आणि मग, शोध थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी, कारवारहून परतलेली पहिली बोट बंदरात शिरली आणि चैतालीच्या खोलीत हेमंत बोलला.

“चैताली, मी हेमंत.”

एवढंच. तिने खुर्चीचा हात धरला. तुकडा पहिला, एकूण सहा, असं पडद्यावर होतं. खिडकीतून खाली बर्फ फोडण्याचा आवाज येत होता आणि ती मोठ्याने रडत होती, आणि रडता रडता तिला कळत होतं की हा आवाज आज बोललेला नाही. हा निरोप वादळातच निघाला होता. तो पळणाऱ्या बोटींनी आपापल्या पेटीतून नकळत नेला होता, आणि आता बोटी घरी येतील तसा तो येणार होता.

तिने लगेच सगळ्या पेट्यांना हुकूम पाठवला. जुनं काही टाकू नका. भरलात तर नवीन घेऊ नका. फक्त हेमंतचे तुकडे ठेवा, असा हुकूम देता येत नव्हता. तुकडा कोणाचा हे पेटीला कळायचं नाही, हा तांडेलांचाच नियम. एकाचं जपायचं तर सगळ्यांचं जपायला हवं.

गोव्याहून बोट आली, दोन तुकडे आले. रत्नागिरीहून आली, आणखी एक. मग एक. वामन रोज माडीचा जिना चढून येऊ लागला. आपली होडी त्याने वाळूवर ओढून ठेवली होती, समुद्राकडे तो बघतही नव्हता. चैताली त्याला निरोप ऐकवी.

“चैताली, मी हेमंत. इंजिनात पाणी गेलां. माणसां सगळी एकठय बांधून घेतलाव. बाबांका सांग,”

मग शांतता. चौथा तुकडा आलेला नव्हता. पेटी त्याच्या जागी तेवढाच वेळ गप्प राही.

“ता माका आधी सांगूक जमला नाय. तू जेवन घे. माझी वाट बघू नको.”

वामन दर वेळी त्या शांततेत मान पुढे काढून ऐके. मुलगा शेवटी आपल्याशी बोलला होता आणि नेमकं तेवढंच समुद्राने ठेवून घेतलं होतं. माफी होती, की शिव्या होत्या, की खुणेबद्दल काही? काही असलं तरी ते त्याला हवं होतं.

“माझो तुकडो येतलो ना गो?”

“येतलो, बाबा. वेरावळाकडे गेलेल्यो बोटी अजून येवक नाय. त्येतल्या एकीत आसतलो.”

तिचा त्यावर खरोखर विश्वास होता. आणि त्या विश्वासाची किंमत जाळ्याला पडू लागली. पेट्या जुन्या मालाने तुडुंब भरल्या. नवीन निरोपांना जागा मिळेना. जेवणाचे, बर्फाचे, भावाचे निरोप अडकले, तेव्हा लोक कुरकुरले, पण कुणी तोंडावर बोललं नाही. घरात दुःख होतं. मग हवामान खात्याचा इशारा आला. पुन्हा कमी दाबाचा पट्टा, पुन्हा त्याच दिशेने.

सोसायटीचे चेअरमन रमाकांत टिकम धापा टाकत वर आले. वामन तिथेच बाकावर बसला होता.

“इशारो गेलो?”

“हुकूम जाता, काका. पण पुढच्या बोटीक देवक इशारो पेटीत ठेवूक होयो, आणि पेटीत जागाच नाय. जवळच्या बोटींका मेळालो. लांबच्यांका मेळना नाय.” चैतालीने पडद्यावरचे आकडे दाखवले. “पेट्यो रिकाम्यो करूक होयो. वादळाच्या आधीचा, वादळातला, सगळा टाकूचा लागतला.”

“मग टाक.”

तिची नजर बाकाकडे वळली. टिकमांनी तिच्याकडे बघितलं, मग वामनकडे, आणि त्यांच्या लक्षात आलं. वेरावळच्या वाटेवर अकरा बोटी होत्या. त्यांच्या पेट्यांत पोचवायचा इशारा होता आणि त्याच पेट्यांपैकी एकीत चौथा तुकडा. टिकम खाली मान घालून उभे राहिले. त्यांचा पुतण्या त्या बोटींवर होता, तेही ते बोलले नाहीत.

वामनच बोलला.

“पुसून टाक गो.”

“बाबा...”

“ती पोरां जिती आसत. माझो झिल, हेमंत, काय आता इशारो ऐकूक येवचो नाय. पूस.”

तिने हुकूम लिहिला. पडद्यावर यंत्राने विचारलं, नक्की? तिने एकदा डोळे मिटले आणि होय म्हटलं. हुकूम ऐकताच पेटी आधी रिकामी होई आणि मोकळ्या झालेल्या जागेत तो ठेवून पुढच्या बोटीला देई; असा तो बोटीबोटीतून पुढे सरकत गेला, मागून इशारा गेला. अकराच्या अकरा बोटी फिरल्या आणि वेळेत खाडीत शिरल्या. टिकमांचा पुतण्या बंदरावर उतरला तेव्हा त्याची आई त्याला मारतच सुटली, आणि मारता मारता रडली. लोक चैतालीच्या पाया पडायला आले. तिला ते नको होतं, तिने दार लावून घेतलं.

एक गोष्ट मात्र तिने पाहिली. पुसण्याचा हुकूम पाळला की प्रत्येक पेटी कळवते, कुठल्या दिवशी घेतलेले किती तुकडे टाकले. तिने एकेक पेटीचं उत्तर पाहिलं. हेमंतच्या दिवशीचा तुकडा एकाही पेटीत नव्हता. म्हणजे तो तिने पुसला नव्हता. तो कुणाकडे गेलाच नसावा, ‘जान्हवी’वरच्या पेटीतून निघायच्या आतच सगळं पाण्याखाली गेलं असावं. समुद्राने नेलेल्याचं दुःख वेगळं आणि आपल्या हाताने टाकलेल्याचं वेगळं. या विचाराने तिला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. पुसण्याचा हुकूम तिने बंदरावरच्या पेटीत तसाच राहू दिला; न जाणो, एखादी उशिरा येणारी बोट अजून जुन्या मालाने भरलेली असेल.

माघ उजाडला. हेमंतचे दिवस घातले, बाकीचं जे करायचं तेही झालं. एके दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. वामन आत आला. हातात टोप होता, खाऱ्या हवेने काळवंडलेला, कडांना चिखल लागलेला.

“हो घरात ने, घासून घे,” तो म्हणाला. “भात करूक होतलो. आता माझी पेटी झाकूचो नाय.”

चैताली कितीतरी दिवसांनी हसली. “आज काय झाला, बाबा?”

“काय नाय. होडी धुवूक गेल्लंय. मनात इला, कोणाच्यातरी पेटीत माझो तुकडो रवलो आसात, तो हिकडेसून जायत, आणि माझी पेटी झाकलेली. तो येतलो कसो? म्हणून काढलो टोप. आताच. सरळ हयच इलंय.”

ती काही म्हणणार तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. वामन पराडकरांची पेटी आली. हुकूम पोचला, पाळला. जुना तुकडा एक, टाकला. पुढे तो कोणत्या दिवशी घेतला होता ती तारीख होती.

चैतालीने तारीख वाचली. पुन्हा वाचली.

“बाबा,” तिने पडद्याकडेच बघत विचारलं, “तुमी टोप कधीच उचलूक नाय ना? आधी कधीच?”

म्हातारा बाकावर बसला. टोप त्याने मांडीवर घेतला.

“एकदाच उचलल्लो,” तो म्हणाला. “त्याच दिवशी. मी फिरलंय, वाटेत वारो सुटलो तेवा मागे बघलंय, तर ‘जान्हवी’ थयच उभी. माका वाटला, तो अजून जाळा ओढता. आभाळ काळा झालेला. म्हटला टपाल्यार सांगूया, झिला, सोड ता, घराक चल. टोप उचललो. दिवो हिरवो झालो. आणि माझा तोंड उघडला नाय गो. इतके महिने बोलूक नाय, आता कसा बोलू? परत झाकलंय आणि इलंय.” त्याने टोपाच्या कडेवरून अंगठा फिरवला. “ह्या मी कोणाक सांगूक नाय. तुका सांगतंय.”

‘जान्हवी’ तेव्हा जाळ्यासाठी नव्हे, इंजिन बंद पडून थांबलेली होती आणि हेमंतचा निरोप बोलून झाला होता. टोप उचलला होता तेवढ्या वेळात तिच्यावरच्या पेटीने टप्प्यात दिसलेल्या पेटीकडे आपल्याजवळचा एक तुकडा, चौथा, सोपवला होता. मग टोप पडला. टोपाखाली नवीन काही येत नव्हतं म्हणून पेटी भरली नाही, भरली नाही म्हणून जुना तुकडा टाकला गेला नाही. बंदरापासून हाकेच्या अंतरावर, वाळूवर ओढलेल्या त्या होडीत, बापाच्याच भाताच्या टोपाखाली हेमंतचं ते वाक्य इतके दिवस सुखरूप होतं. ज्याच्यासाठी होतं तो रोज त्याच्याजवळून चालत जिना चढायला यायचा. आणि आज त्याने ते यावं म्हणून टोप काढला, तर पेटीने आधी हुकूम ऐकला आणि मग निरोप द्यायला तिच्याकडे काही उरलं नाही. हुकूम आधी, निरोप नंतर. चैतालीने लिहिलेला नियम.

तिला काय काय करावंसं वाटलं. ओरडावं, पडदा फोडावा, खाली जाऊन त्या होडीला मिठी मारावी. तिने यातलं काहीच केलं नाही. सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. हे ओझं एकटीने कसं वाहायचं? मग तिने म्हाताऱ्याच्या मांडीवरचा टोप पाहिला. याच हातांनी त्याने तो झाकला होता, याच हातांनी काढला होता. हे त्याला कळलं तर तो एक दिवस जगणार नाही, हे तिला समोर दिसत होतं. तिने हात पुढे करून पडद्यावरची ओळ बंद केली.

“काय गो?” वामनने विचारलं. “माझी पेटी गावली काय तुका थय?”

“गावली, बाबा.”

“मग? इलो काय माझो तुकडो?”

“नाय, बाबा. काय येवक नाय.”

“येतलो,” तो तिला धीर दिल्यासारखं म्हणाला. “आता उघडी आसा ना. येतलो.”

तो टोप तिथेच ठेवून गेला. तिने तो संध्याकाळी घासला. घासून लख्ख झाला तरी ती घासत राहिली.

त्यानंतर वामन रोज होडीजवळ बसू लागला. उन्हात बसे, पेटीवर पक्षी बसला तर त्याला हाकलून लावी. आल्यागेल्या बोटींच्या तांडेलांना ओरडून सांगे, “टोप काढा रे! कोणाचो निरोप आसात तर अडाकतलो!” आणि गंमत म्हणजे लोक काढत. वामन तांडेल सांगतो म्हणजे काढायलाच हवा. आडबंदरातले टोप हळूहळू परत चुलीवर गेले.

चैताली त्याला जेवायला बोलवायला जाई. एकदा ती गेली तेव्हा तो पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, “ह्यो दिवो बघ. अख्खो दिवस हिरवो. एकय बोट नाय बंदरात, तरी हिरवो. म्हणजे जवळ कोणतरी आसा ना गो?”

दिवा बंदरावरच्या पेटीमुळे लागत होता. तिच्या खोलीतल्या.

“होय, बाबा,” ती म्हणाली. “मी आसंय. चला, जेवक चला.”